ठेवलेलं प्रस्थान

गराजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे, आमच्या मोठ्या सूटकेसा उभ्या असतात. त्यांच्यावर पाइनचा पिवळा पराग बसून बसून घट्ट झाला आहे. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात वसंतात हा पराग गाडीवर, खिडक्यांवर, नाकात, सगळीकडे असतो. पण बंद गराजमधल्या, वर्षानुवर्षं न हललेल्या सूटकेसवर तो कसा पोचतो, हे मला आजवर कळलेलं नाही. लेकीची बॅग भरायची म्हणून मी शिडी लावली, एक सूटकेस खाली ओढली आणि आतून काहीतरी गडगडत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं. तो आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. आमचा फिरकीचा तांब्या होता तो.

ज्यांनी असा तांब्या पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पितळेचा, पोटाशी गोल, वर आट्यांचं झाकण, ते फिरवून घट्ट बसवायचं आणि झाकणावरच्या कडीत बोट घालून तांब्या उचलायचा. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि हे तांब्ये माळ्यावर गेले. मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा आईने तो माझ्या बॅगेत कोंबला होता. विमानात पाणी देतात गं, असं मी म्हटल्यावर, "देत असतील. असू दे," एवढंच म्हणाली. इथे तो कधी वापरला गेला नाही. मी झाकण फिरवलं, आधी हलेना, मग कुरकुरत निघालं. आत नाक घातलं. पितळ, चिंच, राख आणि त्यामागे कुठेतरी एस.टी.च्या सीटचा, तापलेल्या रेग्झिनचा वास. शास्त्राप्रमाणे हे शक्य नाही. पण वास आला.

आम्ही सांगलीचे. आमच्याकडे कृष्णा आहे, ऊस आहे, हळद आहे, समुद्र नाही. म्हणूनच असेल, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समुद्राचं वेड. ते एका शाळेत भूगोल शिकवायचे, पण त्यांची खरी ख्याती होती ती शाळेचं वेळापत्रक बसवण्यात. कुठल्याच मास्तरांचा तास कुठल्याच तासावर आदळू न देता ते सगळ्या शाळेचं गणित जुळवायचे, आणि ते काम संपलं की त्यांच्या हाताला चैन पडायचं नाही. मग दिवाळीच्या सुट्टीतली कोकणची सहल आखायला घ्यायचे. सहली काढणाऱ्या कंपन्यांवर त्यांचा राग. "दुसऱ्याच्या शिट्टीवर पाण्यात उतरायचं आणि शिट्टीवर बाहेर यायचं, याला सहल नाही म्हणत, कवायत म्हणतात," असं ते चारचौघांत सांगायचे. आमची सहल आमची असे. कोल्हापूरची गाडी, तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी, पुढे लाल मातीत बुडालेली एक हडकुळी एस.टी., मग खाडी ओलांडायला तरीची होडी. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तिथेही पार्किंग उभं राहतं.

घरात पंचांग एकच होतं, पण ते वाचणारे दोघं दोन धर्मांचे असावेत तसे वाचत. अण्णांचा मुहूर्तावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांना पंचांग हवं असे ते भरतीसाठी. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, हे त्यांना तिथल्याच एका कोळ्याने सांगितलं होतं. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. मी पाढे शिकले ते असे. आई मात्र चांगली वेळ पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. आणि एस.टी. तर कुणाच्याच मुहूर्तावर सुटत नाही. या दोघांमध्ये तडजोड होती ती प्रस्थानाची.

मुहूर्ताला निघता येत नसेल तर प्रस्थान ठेवायचं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधायचं आणि त्या वेळेला ती पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. की झालं, तुम्ही निघालात. मग खरी गाडी उद्या असो की परवा. जाताना शेजाऱ्यांकडून पुरचुंडी उचलायची आणि पुढे चालू लागायचं. आमचं प्रस्थान असायचं पलीकडच्या मुल्लाभाभींकडे. त्या ते फ्रिजवर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "पोचलं हो तुमचं कोकण!"

मला प्रस्थान आवडायचं ते वेगळ्याच कारणासाठी. पुरचुंडी एकदा पलीकडे गेली की आई आम्हाला कामं सांगायची नाही. "तुम्ही आता घरात नाही," म्हणायची, "वाटेतल्या माणसाला भांडी घासायला लावत नाहीत." पाहुण्यासारखं पानावर वाढायची. स्वतः मात्र प्रस्थान ठेवूनही रात्रंदिवस चकल्या तळत असायची. हा नियम तिला लागू नाही का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मग घाट. घाटात मला हमखास उलटी व्हायची. आवळासुपारी, लिंबू, खिडकीची जागा, सगळे उपाय करून व्हायची. तांब्यातल्या पाण्याने आई माझं तोंड धुवायची, आणि तिचं बोट निसटलं की तांब्या गाडीभर गडगडत जायचा. कुठलातरी अनोळखी माणूस पायाने अडवून हसत परत द्यायचा. रत्नागिरीच्या पुढे हवा जड व्हायची, खारी, ओल्या सुंभासारखी. अण्णा खिडकीबाहेर डोकं काढून म्हणायचे, "आला." मला दिसायचं काहीच नाही, नुसतं माडांचं रान. पण ते म्हणाले म्हणजे आला.

उतरायचो लेलेकाकूंकडे. तेव्हा होमस्टे हा शब्द नव्हता. काकूंच्या पडवीत आम्ही असायचो इतकंच. शेणाने सारवलेलं अंगण, चुलीवरच्या पाण्याला लाकडाचा धूर, रहाटाची करकर, केळीच्या पानावर गरम मऊभात, आणि या सगळ्याच्या मागे, कधीही न थांबणारी ती समुद्राची गाज. पहिल्या रात्री तिने झोप यायची नाही. परत सांगलीला आलो की पहिल्या रात्री ती नाही म्हणून झोप यायची नाही. वाळू महिनाभर निघायची, दप्तरातून, केसांतून, आईच्या पदराच्या कडेतून.

एका वर्षी जाणं झालं नाही. का झालं नाही ते राहू दे. घराघरांत होतं तसं काहीतरी. पण प्रस्थान आधीच मुल्लाभाभींच्या फ्रिजवर जाऊन बसलेलं. अण्णा म्हणाले, आण ते परत आणि तांदूळ टाक भातात. आई म्हणाली, "ठेवलेलं प्रस्थान तसं घरी परत आणत नाहीत." अण्णांनी वाद घातला, आईने घातला नाही, ती नुसती गप्प बसली, म्हणजे वाद संपला. शेवटी अण्णांनी एका हातात पुरचुंडी घेतली, दुसऱ्या हातात मला, आणि आम्ही दोघं एस.टी.ने मिरजेला गेलो, निदान प्रवास झाला म्हणायला. स्टँडवर गरम भजी खाल्ली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या. रत्नागिरीची एक गाडी आमच्यासमोरून निघून गेली. मला रडू आलं तसे अण्णा म्हणाले, "गाडी चुकली म्हणून गाव कुठे जात नाही. पुढची येईल." ते वाक्य ते नेहमीच म्हणायचे, पण त्या दिवशी जरा हळू म्हणाले.

इथेही समुद्र आहे. तीन-एक तास ड्राइव्ह केलं की अटलांटिक. पांढरी वाळू, लाकडी पायवाट, छत्र्या. दर उन्हाळ्यात जातो. पण माझ्या डोळ्यांना तो उलटा वाटतो. त्यातून सूर्य उगवतो. संध्याकाळी सगळे पाण्याकडे पाठ करून गाड्यांकडे निघतात आणि दिवस पार्किंगमागे मावळतो. माझा नवरा समीर नागपूरचा, त्याला सगळे समुद्र सारखे. "पाणी आहे, वाळू आहे, अजून काय पाहिजे यार तुला?" असं तो म्हणतो, आणि त्याचं चूक नाही.

आता जे सांगायचं ते एकदाच सांगते. आम्ही दोघंही नोकरीच्या व्हिसावर आहोत. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा आमची इरा रांगत होती. आता ती कार चालवते, आणि आम्ही रांगेतच. इथे राहायला आमचे कागद पक्के आहेत, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला आहे. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का लागतो, आणि तो कधी मिळेल, आठवड्यात की वर्षात, हे आता कुणीच सांगत नाही. तोवर नोकरी थांबत नाही, घराचे हप्ते थांबत नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आई गेली तेव्हा मी फोनवर होते. स्मशानातला आवाज मी या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकला. तेव्हापासून अण्णांना दरवर्षी सांगते, पुढच्या वर्षी नक्की.

इराला यातलं काही कळू दिलं नव्हतं. तिने इथे पाय घट्ट रोवावेत, आमच्या पायांखालची वाळू तिला कशाला. "आता काम आहे", "तिकिटं महाग आहेत", "तुझी शाळा", असं काहीबाही सांगत आलो. त्यातूनच पुढचा घोळ झाला.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी जेवताना इराने लॅपटॉप टेबलावर ठेवला. वरणाच्या भांड्याला ढकलून जागा केली. ही उन्हाळ्यात आमच्या कॉलनीच्या पूलवर लाइफगार्ड असते; गळ्यात शिट्टी अडकवून बोलायची तिला सवय आहे, शिट्टी नसली तरी.

"आई, बाबा, डोन्ट गेट मॅड, ओके? आय प्लॅन्ड समथिंग."

स्क्रीनवर नकाशा होता. कॅरीपासून निघालेली रेघ न्यूअर्कवरून मुंबई, आणि तिथून किनाऱ्याने खाली खाली येत एका खाडीपाशी थांबलेली. मी ते वळण ओळखलं. माझा घास हातातच राहिला.

"विंटर ब्रेक. फॅमिली बीच व्हेकेशन. नेक्स्ट इयर मी कॉलेजला असणार, सो धिस इज इट. आजोबा अँड आय, वुई डिड एव्हरीथिंग अवरसेल्व्ज. आजोबांनी त्या काकूंशी बोलून रूम्स घेतल्या. काकू अजून आहेत, आई! थ्री टिकेट्स होल्डवर आहेत. यू जस्ट हॅव टू से येस."

म्हणजे दर रविवारी दार लावून आजोबांशी बोलायची ते हे होतं. मला वाटायचं कॉलेजचे निबंध दाखवत असेल. तिचं इंग्रजी आणि अण्णांचं शाळामास्तरी इंग्रजी, दोघांनी मिळून आख्खं वेळापत्रक बसवलं होतं. भरतीच्या वेळासुद्धा होत्या.

समीर माझ्याकडे पाहत होता, मी समीरकडे. 

"व्हॉट? तुम्हाला नको आहे?"

"तसं नाही गं," समीर म्हणाला. "आपण गेलो तर... तू परत येशील बेटा. आम्ही येऊ की नाही, माहीत नाही."

तिला समजेना. तिने दोनदा विचारलं. मग समीरने सगळं सांगितलं, शिक्का, रांग, सगळं, पाणी पिता पिता. इरा ऐकत राहिली. तिच्या डोक्यात पासपोर्ट म्हणजे पासपोर्ट. तिचा अमेरिकन निळा, आमचा भारतीय निळा. दोन निळ्यांत फरक असतो हे तिला कधी वाटलंच नव्हतं.

"बट यू लिव्ह हिअर," ती म्हणाली. "मी जन्मायच्या आधीपासून यू लिव्ह हिअर."

 मी भाताची ताटली उचलून सिंकमध्ये ठेवली.

तरी मी कंपनीच्या वकिलीणबाईंना विचारलं. मनात कुठेतरी चोरटी आशा होती. त्या फार गोड बोलतात, सगळं ऐकून घेतात, आणि शेवटी म्हणाल्या, "आय वुड नॉट ट्रॅव्हल." मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. समोर पाइनची उंच, सरळ झाडं. मला त्या झाडांचा भयंकर राग आला. माडासारखं एक तरी झुकलं असतं तर काय बिघडलं असतं?

अण्णांना फोन केला. त्यांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, इतक्या वर्षांचं. 

"मला अंदाज होता," शेवटी म्हणाले. "भूगोल शिकवलाय मी. सीमा कळतात." मग म्हणाले, "इराला पाठवशील?"

"तुम्ही दोघं कसं जमवणार, अण्णा? तुमचं वय..."

"मी मुंबईला येतो तिला घ्यायला. माझा एक जुना विद्यार्थी गाडी चालवील. आणि पाण्यात मी एकटा थोडाच आहे? ती शिट्टीवाली आहे ना. हिच्या शिट्टीवर मी येईन बाहेर."

तर अशी ही तीन तिकिटांमधली दोन गेली आणि एक उरलं.

तर त्या दिवशी गराजमध्ये सूटकेस उघडी होती आणि तांब्या माझ्या मांडीवर. मी तो चिंचेने घासला. इथे चिंचेचा कोळ बाटलीत मिळतो, पण पितळ उजळतं तेवढंच. मग काय मनात आलं कोण जाणे. मूठभर तांदूळ घेतले, देवापुढची सुपारी घेतली, हळकुंड मात्र घरात नव्हतं. ते शेजारच्या मॉरिसव्हिलच्या इंडियन स्टोअरमधून आणलं. पाकीट हातात घेऊन पाहते तो त्यावर सांगलीचा पत्ता. माझ्या गावची हळद माझ्याआधी इथे येऊन बसली होती. आईची एक सुती साडी माझ्याकडे आहे, तिच्या पदराची पट्टी फाडली.  पुरचुंडी बांधली, तांब्यात घातली, फिरकी घट्ट केली.

इरा दारात उभी होती. "व्हॉट इज दॅट?"

सांगितलं. मला वाटलं हसेल. ती खाली बसली आणि तिने तांब्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवला, फुटण्यासारखी वस्तू ठेवतात तसा.

"सो यू आर ऑलरेडी गोइंग," ती म्हणाली.

विमानतळावर तिने मागे वळून हात केला, आणि सिक्युरिटीच्या रांगेतून पुढे पुढे जात दिसेनाशी झाली. ती रांग मात्र भराभर सरकली.

परवा सकाळी फोन आला. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. बाहेर लॉनवर दव गोठलं होतं, सिंकमध्ये आदल्या रात्रीची भांडी, समीर कॉफी करत होता. पडद्यावर आधी इराचा ओला चेहरा आला, केसांत वाळू, नाक उन्हाने लाल. "आई, आज सप्तमी आहे, सो हाय टाइड वॉज सव्वापाच! आजोबांनी मला ती ट्रिक शिकवली." पाऊणपट. मी हसले, आणि तिने फोन फिरवला.

पडवीच्या पायरीवर अण्णा बसले होते. किती लहान झाले आहेत. सदरा खांद्यावरून उतरलेला, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, पोटऱ्या ओल्या. त्यांच्या मागे माडांच्या फटीतून समुद्र, आणि त्यात, सरळ बाजूने, सूर्य बुडत होता. त्यांच्या मांडीवर तांब्या होता.

"फिरकी उघडलेली नाही मी," ते म्हणाले.

"उघडा ना अण्णा. आईच्या पदराचं आहे."

"माहीत आहे. इराने सांगितलं." ते तांब्यावरून हात फिरवत राहिले. "आम्ही रविवारी निघतो. हा इथेच राहील. काकूंना विचारलंय, त्या फडताळात ठेवणार आहेत, वरच्या कप्प्यात. तू येऊन उचल."

 मी म्हटलं, "तुम्ही कधीपासून मानायला लागलात हे?"

"मी कुठे मानतो? तुझी आई मानायची. ठेवलेलं प्रस्थान परत नेत नाहीत, एवढं लक्षात आहे." मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "गाडी चुकलीये इतकंच. गाव कुठे जात नाही. पुढची येईल."

पण या वेळी गाव नव्हे, ते स्वतः कुठे जाणार नाहीत ना, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान वळवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "मी पण आहे की."

इराने हाक मारली तसे ते उठले, फोन पायरीवर ठेवला आणि बंद करायला विसरले. पडद्यावर नुसतं आभाळ राहिलं, जांभळं होत जाणारं, आणि ती गाज. मी फोन ओट्यावर, मिक्सरला टेकून उभा केला. इराची शिट्टी ऐकू आली. मग अण्णांचं हसणं, दूरवर. समीर कॉफीचा कप घेऊन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग त्याने सिंककडे पाहिलं, बाही वर केली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "चल, मी घासतो, तू विसळ."

"आज तूच विसळ," मी म्हटलं. "मी घरात नाहीये."